काकवीत माखलेला खटका: खिशातल्या चाकूला कोणते कुलूप भरवशाचे?

गुऱ्हाळवाट (करवीर)

आमचे गुऱ्हाळ आहे आणि हंगाम सुरू झाला की घडीचा चाकू दिवसभर माझ्या खिशात असतो. सुतळी तोडणे, गुळाच्या रव्याच्या (ढेपेच्या) कापडाला बसलेली गाठ कापणे, रबरी पाइपचा तुकडा काढणे, पोत्याला भोक पाडणे ही त्याची रोजची कामे. गेल्या हंगामात पोत्याला भोक पाडत असताना पाते अचानक मिटले आणि माझ्या तर्जनीला चार टाके पडले. त्या चाकूला लायनर लॉक होते, म्हणजे मुठीच्या आत एक पातळ स्प्रिंगची पट्टी असते आणि पाते उघडले की ती आडवी सरकून पात्याच्या बुडामागे टेकते. नंतर उजेडात धरून पाहिले तेव्हा ती पट्टी जिथे टेकते नेमक्या त्याच जागी काकवी वाळून बसलेली दिसली. पट्टी पुरती आत न येता नुसत्या कडेवर टेकली होती, तरीही पाते उघडताना नेहमीसारखाच ‘खट्’ आवाज आला होता.

तेव्हापासून माझे मत पक्के झाले आहे की शेतात आणि गुऱ्हाळावर पाठीवरच्या खटक्याचा चाकू, म्हणजे बॅक लॉक, हाच वापरावा. त्यात मुठीच्या पाठीला एक दांडी असते, तिच्या पुढच्या टोकाचा आकडा पात्याच्या बुडातल्या खाचेत पडतो आणि मागची स्प्रिंग तो तिथेच दाबून ठेवते. आकडा नीट बसला नाही तर दांडी पाठीवर वर उचललेली दिसते आणि अंगठ्यालाही लागते. अमेरिकेतल्या बक कंपनीने १९६०च्या दशकात ‘११०’ हा चाकू काढून ही रचना शिकाऱ्यांच्या कमरेपर्यंत पोचवली आणि तो चाकू आजही बनतो. ज्यांचे मत वेगळे असेल त्यांनी कारणांसह लिहावे.

टर्नर, उद्यमनगर

तुमच्या बोटाला झालेल्या इजेचे वाईट वाटते, परंतु एका अस्वच्छ चाकूवरून अख्ख्या रचनेला दोषी ठरवणे मला मान्य नाही. लायनर लॉकचे आजचे रूप मायकेल वॉकर या अमेरिकी कारागिराने १९८०च्या सुमारास घडवले आणि त्यातली खरी हुशारी बुडाच्या तिरक्या कापात आहे. हा काप साधारण ७ ते ८ अंशांचा असतो, त्यामुळे वापराने धातू झिजला की पट्टी आपोआप थोडी आणखी आत सरकते आणि पाते ढिले होत नाही. नव्या चाकूत पट्टीने बुडाच्या रुंदीचा साधारण एक तृतीयांश भाग व्यापलेला असावा, म्हणजे झीज भरून काढायला पुढे जागा उरते. काप जास्त तिरका झाला तर पट्टी दाबाखाली निसटते आणि फार सरळ राहिला तर झीज भरून निघत नाही. स्वस्त चाकू फसतात ते या एका अंशाच्या चुकीमुळे.

बॅक लॉकमध्ये अशी आपोआप भरपाई नाही. आकडा आणि खाच झिजली की पाते वरखाली हलू लागते आणि ते हलणे वाढतच जाते. ही उणीव ओळखूनच अमेरिकी कारागीर अँड्र्यू डेम्को यांनी ट्रायॅड लॉक या बॅक लॉकच्या सुधारित रूपात पाते आणि दांडी यांच्यामध्ये एक पोलादी पिन घातली, जेणेकरून धक्का दांडीच्या खिळ्यावर न जाता त्या पिनेवर जावा. शिवाय तुमच्या खाचेतही काकवी शिरू शकते, ती काही पाहून शिरत नाही.

पायवाट

मी दर पावसाळ्यात पन्हाळा ते पावनखिंड ही वाट चालतो आणि चिखलात भरलेला चाकू म्हणजे काय हे मला चांगले माहीत आहे. माझा आक्षेप तुम्हा दोघांनाही आहे, कारण दोघेही पाते उघडे असतानाचाच विचार करत आहात. आमच्या गटात आजवर ज्यांना कापले, त्यांतल्या बहुतेकांना चाकू मिटताना कापले. लायनर लॉक मिटवताना पट्टी बाजूला सारणारा अंगठा पात्याच्या वाटेत असतो, तर बॅक लॉक एका हाताने मिटवू गेल्यास बोटांवरच पाते येते, म्हणून तो दोन्ही हातांनीच मिटवावा लागतो. एका हाताने दोर धरून कड्याला टेकलेल्या माणसाला दुसरा हात कुठून मिळणार?

म्हणून मी आडव्या दांडीचे कुलूप वापरतो. बेंचमेड कंपनीने १९९८ मध्ये ते ‘ॲक्सिस’ या नावाने आणले आणि आता बऱ्याच कंपन्या तशीच रचना करतात. मुठीत दोन्ही बाजूंना आरपार गेलेली एक छोटी पोलादी दांडी असते, ती दोन बारीक तारांच्या स्प्रिंगांनी पुढे ओढली जाऊन पात्याचे बुड आणि पाते पुढे जाऊ न देणारा अटकाव यांच्यामध्ये पाचरीसारखी बसते. मिटवताना दोन बोटांनी ती मागे ओढायची, बोटे पात्याच्या वाटेत येतच नाहीत, आणि डावखुऱ्यालाही ती तितकीच सोयीची पडते. त्या तारा कधीकधी तुटतात हे मी प्रामाणिकपणे सांगतो, परंतु एक तार तुटली तरी दुसरी तार दांडीला धरून ठेवते.

चामडेकाम

आमच्या घरात तीन पिढ्या कोल्हापुरी चप्पल बनते. आम्ही चामडे कापतो ते रापीने, आणि रापीला सांधाच नसतो, त्यामुळे कुलपाचा प्रश्नही नसतो. खिशात मात्र माझ्याकडे कुलूप नसलेला, केवळ पाठीच्या स्प्रिंगने तटलेला स्विस चाकू आहे आणि त्यावर मी पूर्ण समाधानी आहे.

कारण साधे आहे. धारेने कापताना वस्तूचा उलटा दाब पात्याला आणखी उघडायच्या दिशेने ढकलतो आणि पाते अटकावावर घट्ट बसते. त्या वेळी कुलपाला काहीच काम नसते. पाते मिटू पाहते ते फक्त तीन प्रसंगी: टोकाने भोसकताना, पाठीवर आघात झाल्यावर, किंवा रुतलेले पाते मूठ वर उचलून ओढून काढताना. यातले पहिले काम चाकूचे नाही, आरीचे, म्हणजे टोचणीचे आहे, आणि कुलूप नसले की माणसाला ही शिस्त आपोआप लागते. गुऱ्हाळवाट यांनी पोत्याला भोक पाडायला आरी किंवा दाभण घेतला असता तर टाके पडले नसते. ब्रिटनच्या कायद्यानेही हा फरक ओळखला आहे: ३ इंचांपर्यंतचा, कुलूप नसलेला घडीचा चाकू तिथे कारण न देता जवळ बाळगता येतो, कुलपाच्या चाकूला योग्य कारण दाखवावे लागते.

गुऱ्हाळवाट (करवीर)

आपले पाते मिटण्याचे विवेचन मला पूर्ण पटले आणि मी ते इथल्या मुलांना समजावूनही सांगितले. परंतु तुमच्या स्विस चाकूत जी आरी असते, तिलासुद्धा कुलूप नसते, आणि ती तर भोसकायलाच केलेली आहे! मग कुलूप नसलेला चाकू माणसाला शिस्त लावतो, हे कसे मानावे? ब्रिटनचा कायदा तिथल्या रस्त्यावरच्या भांडणांचा विचार करतो. आपल्याकडे २०१६चे शस्त्र नियम पाते ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद आहे का एवढेच विचारतात आणि शेतीच्या अवजारांना त्यातूनही वगळतात.

लाकूडकाम

फ्रेंच ओपिनेल चाकूचा कोणीच विचार केलेला दिसत नाही. त्याच्या मानेवर फिरणारी एक चिरलेली पोलादी कडी असते, ती फिरवली की चीर पात्यासमोरून हटते आणि पात्याची वाट बंद होते. ही कडी १९५५ मध्ये आली, आणि २००० पासून ती चाकू मिटलेल्या स्थितीतही पाते बंद ठेवते, म्हणजे खिशात उघडण्याची भीतीही गेली. तिच्यात स्प्रिंग नाही, तिरका काप नाही, आणि ती लागली आहे की नाही हे डोळ्यांनी दिसते. एक दोष मान्य करतो: मूठ बीच लाकडाची असते, आपल्या जुलैच्या दमट हवेत ती फुगते आणि पाते इतके घट्ट बसते की नखाने निघत नाही. तेव्हा मुठीचे बूड टेबलावर ठोकायचे, म्हणजे पाते थोडे बाहेर येते. सॅव्हॉय प्रांतातले शेतकरी हेच करत आले आहेत.

टर्नर, उद्यमनगर

कडीची रचना मलाही आवडते, मात्र ती मुद्दाम फिरवावी लागते आणि घाईत माणूस ती फिरवायला विसरतो. लायनर लॉक विसरता येत नाही.

चाकूची पाठ टेबलावर आपटून कुलूप तपासण्याची जी पद्धत पसरली आहे, तिच्याविषयी मात्र सावध करतो. आघाताने पट्टी क्षणभर उसळून निसटू शकते, आणि चांगले कुलूपही त्या मारामुळे झिजते. त्यापेक्षा पाते जाड कापडात गुंडाळावे, बोटे पात्याच्या वाटेतून पूर्ण काढावीत आणि पाठीवर सावकाश दाब वाढवत न्यावा. मूठ पिळतानाही पट्टी हलते का ते पाहावे, कारण लायनर लॉक फसतो तो बहुधा पिळाने. फ्रेम लॉकमध्ये मुठीचीच एक जाड बाजू पट्टीचे काम करते आणि हाताची पकड तिला आणखी आत दाबते, म्हणून तिथे ही भीती कमी असते.

गुऱ्हाळवाट (करवीर)

तुम्ही सांगितलेली चाचणी काल दोन्ही चाकूंवर केली. जुना लायनर लॉक गरम पाण्यात बुडवून ठेवला, काकवी विरघळली, सांध्याला तेल दिले, आणि नंतर पट्टी बुडाच्या बरोबर एक तृतीयांश भागात येऊन बसली. दाबाने किंवा पिळाने ती हलली नाही. त्यामुळे रचनेवरचा माझा आरोप मी मागे घेतो.

माझी निवड मात्र बदललेली नाही. रस उकळायच्या काहिलीजवळ उभ्या असलेल्या माणसाचा हात चिकट असतो, नजर उकळीवर असते आणि तो चाकू धुवायला जाणार नाही, हे मला ठाऊक आहे. त्याला खटका लागला नाही हे अंगठ्यालाच कळले पाहिजे. पोती भोसकायला मी दोन आऱ्या आणून चुलवाणाजवळच्या खांबाला टांगल्या आहेत, ही सूचना चामडेकाम यांची. आमचा गुळव्या, म्हणजे गूळ करणारा, डावखुरा असल्यामुळे त्याच्यासाठी आडव्या दांडीचा एक चाकू मागवला आहे, आणि त्या बारीक तारा काकवीत किती दिवस टिकतात ते या हंगामात पाहून इथेच लिहीन.