फार्मासिस्ट नुसत्या गोळ्या वाटत नव्हता

पहिल्या महायुद्धातला लष्करी फार्मासिस्ट म्हणजे नुसता गोळ्या मोजून देणारा, असं कुणी म्हणेल, पण ते बरोबर नाही. ब्रिटिशांकडे तो बहुधा सार्जंटवरच अडकायचा हे खरं, पण फ्रेंचांकडे तो अधिकारी असे. कामही साधं नव्हतं. जखमा धुवायचं १९१५चं डेकिन द्रावण, म्हणजे जंतू मारणारं क्लोरीनयुक्त पाणीच घ्या.

१० लिटर नळाच्या पाण्यात १४० ग्रॅम कोरडा सोडियम कार्बोनेट विरघळवायचा, २०० ग्रॅम ब्लीचिंग पावडर घालून जोरात हलवायचं आणि अर्धा तास ठेवायचं. खडूसारखा गाळ बसला की वरचं नितळ द्रावण नळीने काढून कापसातून गाळायचं. बोरिक अ‍ॅसिड (४० ग्रॅम) गाळल्यानंतरच, आधी नाही.

खरी गोम पावडरीत. डबा जुना झाला की क्लोरीन उडून जातो, म्हणून नुसत्या वजनावर भरवसा नाही, टायट्रेशन, म्हणजे थायोसल्फेट हे रसायन थेंबाथेंबाने घालून क्लोरीन मोजणं, हवंच. द्रावणात जंतू मारणारं हायपोक्लोराइट ०.४५ ते ०.५ टक्केच हवं. कमी पडलं तर जंतू मरत नाहीत, वाढलं तर कातडी भाजते. अल्कली (सोड्यासारखा आम्लारी पदार्थ) उरली तरी कातडी भाजते, म्हणून थोड्या द्रावणावर फिनॉल्फ्थॅलीन या अल्कलीत लाल होणाऱ्या रसायनाची पूड टाकून बघायची. लाल रंग आला तर ते द्रावण जखमेवर न्यायचं नाही. शिवाय ते तापवायचं नाही, उजेडात ठेवायचं नाही आणि आठवड्याभरात संपवायचं.