गौताळ्याच्या जंगलात वाट चुकली तर मोबाईल बघायचा की ओढा?

डोंगरवेडा_कन्नड:
परवा अंतूर किल्ल्यावरून परतताना सहा पोरं झाडीत घुटमळताना दिसली. प्रत्येकाच्या हातात मोबाईल. निळा ठिपका होता, पण भोवती नकाशाच नाही; रेंज गेलेली. विचारलं, ओढा कुणीकडं वाहतोय? कुणी बघितलंच नव्हतं. अरे, या डोंगरधारेच्या उत्तरेचं पाणी गिरणेतून तापीला, दक्षिणेचं शिवनेतून गोदावरीला. एवढं बघितलं तरी आपण चाळीसगावच्या अंगाला आहोत की कन्नडच्या, ते कळतं. आधी डोळे, मग होकायंत्र. मोबाईल शेवटी.

नांदेडचा_इंजिनीअर:
काका, यात उपग्रहांचा काय दोष? जीपीएसला रेंज लागतच नाही. चार उपग्रहांचे सिग्नल मिळाले की जागा कळते. पोरांनी घरून नकाशा डाऊनलोड केला नव्हता, एवढंच. आणि ओढ्यामागं उत्तरेला गेले असते तर थेट कड्यावर! होकायंत्राचंही कौतुक नको. आपल्या काळ्या पाषाणात मॅग्नेटाइट हे चुंबकी खनिज असतं. खडकावर ठेवून बघा, कुठं कुठं सुई भलतीकडं जाते.

डोंगरवेडा_कन्नड:
खडकावर कशाला ठेवायचं? छातीशी धरायचं, चार जागी बघायचं. आपल्याकडं सुई दाखवते ती चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत फरक फार तर अंशभराचा, सुधारणा करत बसायची गरज नाही. आणि ओढा बघा म्हणालो, त्याच्यामागं जा कुठं म्हणालो?

बीडची_लेक:
आमचे आबा ऊसतोडीला बैलगाडीनं पश्चिमेला निघायचे, रात्री ध्रुव उजव्या हाताला ठेवून. बीडमधून ध्रुव क्षितिजापासून सुमारे १९ अंशांवर. हात लांब करून एकावर एक दोन मुठी धरा, वरच्या मुठीपाशी सापडतो. लै भारी वाटायचं ऐकायला. पण काका, हंगाम दिवाळीच्या आसपासचा, आभाळ मोकळं. तुम्ही लोक डोंगरात जाता श्रावणात! तेव्हा ध्रुवही नाही अन् धुक्यात पुढचा माणूसही नाही. मी तर मोबाईलच धरीन, सोबत पॉवर बँक.

नांदेडचा_इंजिनीअर:
ताई, हेच म्हणायलो मी. फक्त खोल घळीत आभाळाची चिंचोळी पट्टीच दिसते, कड्यांवर आपटून सिग्नल येतात, ठिपका उड्या मारतो. तेवढं सांभाळायचं.

डोंगरवेडा_कन्नड:
म्हणजे ऐन अडचणीच्या जागीच दगा! त्यापेक्षा अंतूरजवळचा जुना दिशादर्शक दगड बरा. रेंज नको, पॉवर बँक नको.

नांदेडचा_इंजिनीअर:
बघितलाय. पण त्याच्यावर फारसी कोरलीय, काका. तुम्हाला वाचता येते?