बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग, नळ काच बादल्या सगळ्यावर... स्वस्तातला उपाय सांगा प्लीज

वाघोलीची_नवीन
नमस्कार मंडळी. आम्ही दिवाळीनंतर वाघोलीत भाड्याच्या फ्लॅटमधे आलोय, सोसायटीला बोअर आणि टँकर असं मिक्स पाणी येतं आणि टँकरवाला कुठल्या विहिरीतून भरून आणतो देव जाणे. नळ पांढरेफटक झालेत, शॉवरच्या निम्म्या भोकांतून पाणीच येत नाही आणि आलंच तर तिरकं भिंतीवर, बाथरूमची काच धुरकट, बादल्यांना आतून खरखरीत थर. भांड्यांचा साबण, घासणी, टूथपेस्ट सगळं करून बघितलं, दोन दिवस बरं दिसतं आणि मग परत तेच. कामवाल्या मावशी म्हणतात दारावर येतो ना त्या अ‍ॅसिडवाल्याकडून बाटली घ्या, एका हातात सगळं निघेल. पण घर भाड्याचं, डिपॉझिट अडकलंय, काही खराब झालं तर मालक सोडणार नाहीत. क्लीनिंगवाल्यांना विचारलं तर एका बाथरूमचे जेवढे पैसे सांगितले तेवढ्यात आमचा महिन्याचा किराणा येतो. बाथरूमची फरशी काळपट हिरवी आहे, गुळगुळीत नाही, कडाप्पा का कोटा ते मला कळत नाही.

सातारी_मिसळ
लिंबू!! पिळून झालेल्या लिंबाच्या फोडी टाकू नका, डब्यात घालून फ्रीजमधे ठेवा, आठवड्याच्या साठल्या की नळावर घासा, वरून जरा मीठ. आमच्याकडे हेच चालतं. आणि टाकीत तुरटी फिरवा म्हणजे क्षारच येणार नाहीत.

निवृत्त_रसायन
मिसळराव, लिंबू बरोबर, तुरटी चूक. तुरटीने गढूळ पाण्यातला गाळ खाली बसतो, विरघळलेला क्षार तसाच राहतो. पाणी काचेसारखं नितळ दिसेल आणि नळ तरीही पांढरे होतील.
ताई, तुमच्या नळावरचा थर म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, थोडक्यात चुना. साबण आणि टूथपेस्टने तो विरघळत नाही, नुसता घासला जातो, आणि घासणीने नळाच्या चकाकीवर चरे पडले की पुढच्या वेळी तिथेच जास्त धरतो. चुन्याला आंबट लागतं, आणि त्याला वेळ द्यावा लागतो. हाताचा जोर लावून काही होत नाही.
किराणा दुकानात लिंबूफूल मागा, काहीजण लिंबूसत्व म्हणतात, साखरेसारखे पांढरे खडे असतात, म्हणजेच सायट्रिक अ‍ॅसिड. ढोकळ्यात घालतात तेच. सुटं घेतलं तर फार स्वस्त पडतं, पांढऱ्या व्हिनेगरपेक्षा जोरकस आणि घरभर वास नाही. लिटरभर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे विरघळवा. जुना मोजा नाहीतर फडकं त्यात बुडवून नळाला गुंडाळा, अर्ध्या तासाने काढून जुन्या टूथब्रशने हलकं फिरवा, भरपूर पाण्याने धुवा, कोरडं पुसा. रात्रभर ठेवू नका, नळाचं क्रोम जातं.
शॉवर काढता येत नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत हेच पाणी भरून शॉवरला रबरबँडने बांधून ठेवा. बारीक बुडबुडे येताना दिसतील, चुना विरघळताना कार्बन डायऑक्साइड सुटतो त्याचे. नंतर भोकं टाचणीने मोकळी करायची.

प्लंबर_नाही_मी
थांबा थांबा, फरशीचं कोणी बोललंच नाही. ताई काळपट हिरवी म्हणजे बहुतेक कोटा. कोटा, शहाबादी, कडाप्पा आणि संगमरवर, ही सगळी चुन्याच्या जातीची दगडं. त्यावर लिंबू, व्हिनेगर, लिंबूफूल काहीही सांडलं की डाग जायचा राहतो बाजूला, फरशीच विरघळते आणि तिथे कायमचा फिकट ठिपका पडतो. तो फक्त पॉलिशवाला काढू शकतो, आणि पॉलिशवाला काय घेतो ते विचारू नका. नळ साफ करताना खाली जुना टॉवेल अंथरा, फरशी आधी ओली करून ठेवा म्हणजे थेंब पडला तरी पातळ होईल, आणि लगेच धुवा. खात्री करायची तर दरवाजामागच्या कोपऱ्यात एक थेंब लिंबू टाकून बघा, फसफसलं की कळलं. भिंतीच्या चकचकीत टाईल्सना काही होत नाही, पण मधल्या सिमेंटच्या भेगा आंबटाने पोकळ होतात, तिथे मुरत ठेवू नका. दारावरच्या अ‍ॅसिडचं तर नावच नको, एका हातात सगळं निघेल म्हणजे खरंच सगळं निघेल :)

निवृत्त_रसायन
प्लंबर नाही म्हणता पण लाख मोलाचं बोललात. त्यात एक भर घालतो, ती नीट वाचा. टॉयलेट साफ करायच्या बऱ्याच बाटल्यांत अ‍ॅसिड असतं. ते किंवा लिंबूफूल, कशातच ब्लीच मिसळायचं नाही, लागोपाठ एकाच जागी ओतायचंही नाही. क्लोरिन वायू सुटतो आणि बंद बाथरूममधे तो जीवावर बेततो. मावशींनाही समजावून सांगा, कारण दोन बाटल्या एकत्र केल्या की डबल स्वच्छ असं खूप जणांना वाटतं.

आजीची_पिशवी
बेकिंग सोडा आणि व्हिनेगर एकत्र टाकायचे व्हिडिओ येतात ना, ते चालतं का मग? मी तर सिंकमधे नेहमी करते, मस्त फेस येतो.

निवृत्त_रसायन
फेस मस्त येतो पण एक आंबट आणि एक खारं, दोघं एकमेकांना मारतात आणि शेवटी उरतं जवळजवळ नुसतं पाणी. सोडा तेलकटपणाला वापरा, ओट्यावर, चिमणीवर. आंबट क्षाराला. वेगवेगळं.

आजीची_पिशवी
बरं झालं विचारलं. आता माझे दोन आणे. कुकरमधे डबे ठेवायच्या आधी तळाच्या पाण्यात लिंबाची एक फोड टाकत जा, अ‍ॅल्युमिनियमचा कुकर आतून काळा पडत नाही. पाणी तापवायच्या किटलीत खपली धरली असेल तर चमचाभर लिंबूफूल घालून पाणी उकळा, बटण बंद करून अर्धा तास राहू द्या, फेका, मग साध्या पाण्याने एकदा उकळून ते पण फेका. आणि कपडे! जड म्हणजे असल्या क्षाराच्या पाण्यात साबणाचा फेस होत नाही म्हणून आपण साबण वाढवत जातो आणि मग कपडे राखाडी आणि कडक होतात. भिजवायच्या बादलीत आधी चमचाभर धुण्याचा सोडा विरघळवा मग पावडर घाला, पावडर कमी लागते. रेशमी आणि लोकरीला मात्र सोडा अजिबात नको, त्यांना रिठा.

कोथरूडला_परत
क्षार काढण्यापेक्षा धरूच नयेत हे बघा की! डाग पाण्याने पडत नाही, पाणी वाळल्याने पडतो. आंघोळ झाली की काचेवरून वायपर फिरवायचा आणि नळ फडक्याने कोरडा करायचा, दोन मिनिटं लागतात, आमच्याकडे शेवटी आंघोळ करणाऱ्याचं हे काम असतं आणि म्हणून शेवटी जायला कोणी तयार नसतं. अजून एक, आरओचं वाया जाणारं पाणी साठवून लोक नळ आणि काचा पुसतात. त्यात क्षार मूळ पाण्यापेक्षा जास्त असतात, ते काचेला नको. संडासात ओता, पार्किंग धुवा.

वाघोलीची_नवीन
बापरे, एवढं सगळं! थँक्यू सगळ्यांना. मिसळराव तुमच्या फोडीही आजपासून साठवते. कोपऱ्यात थेंब टाकून बघितला, फसफसलं :( म्हणजे चुन्याच्या जातीचाच दगड. मीटरवर टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेलं सगळं, ९०० दाखवतोय. आणि गीझरमधून हल्ली कढई तापल्यासारखा तडतड आवाज येतो, तोही याचाच का? त्यात पण लिंबूफूल घालू?

प्लंबर_नाही_मी
याचाच असणार. पाणी जितकं कडक तापवाल तितका चुना कॉइलवर बसतो, मग कॉइल थर तापवते आणि बिल तुम्ही भरता. पण गीझर स्वतः उघडू नका, वीज आणि पाणी एकत्र आहे, मेकॅनिकला बोलवून टाकी आणि कॉइल साफ करून घ्या, आणि तो आलाच आहे तर आतला मॅग्नेशियमचा रॉड झिजलाय का तेही बघायला सांगा, तो संपला की टाकीच गंजायला लागते. गीझर भाड्याच्या घरातलाच असेल तर आधी मालकांना फोन करा. नंतर नॉब ५० च्या आसपास ठेवा.
टीडीएस म्हणजे जडपणा नव्हे, त्यात मीठ बीठ सगळंच मोजलं जातं. सोसायटीला पाण्याचा हार्डनेस, म्हणजे जडपणा, लॅबमधे तपासायला सांगा. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात २०० मिलिग्रॅम प्रति लिटर ही हार्डनेसची मर्यादा आहे, दुसरा स्रोत नसेल तरच ६०० पर्यंत चालवून घेतात. रिपोर्ट हातात असला की मीटिंगमधे सॉफ्टनरचा, म्हणजे पाण्याचा जडपणा काढणाऱ्या यंत्राचा, विषय काढता येतो, नाहीतर सेक्रेटरी म्हणणार बाकी कोणाची तक्रार नाही.