टेस्ट ड्राइव्ह न घेता गाडी बुक करावी का?

निवांतप्रवासी:
मंडळी, सल्ला हवाय आणि जरा लवकर हवाय. नवीन गाडी घ्यायचीये, मॉडेल जवळपास ठरलंय, पेट्रोल ऑटोमॅटिक. अडचण अशी की शोरूममध्ये टेस्ट ड्राइव्हला फक्त मॅन्युअल आहे, ऑटोमॅटिकची डेमो गाडी कधी येणार ते सेल्सवाला धड सांगत नाही आणि वर म्हणतो आत्ता बुक केली नाहीत तर वेटिंग वाढेल. रिव्ह्यूचे व्हिडिओ भरपूर बघून झालेत, सगळे चांगलंच बोलतायत. घरचे पण म्हणतात एवढे लोक घेतात, त्यांनी काय वेड्यासारखी घेतली का. पण मन घेत नाहीये, कारण गाडी मी एकटा नाही चालवणार, बायको पण रोज नेणार आणि तिची उंची कमी आहे, शिवाय आई मागे बसणार, तिचे गुडघे दुखतात. न चालवता कोणी घेतलीये का? नंतर काही खटकलं का?

गिअरवाला:
आधी सांगा, कुठलं ऑटोमॅटिक? ऑटोमॅटिक म्हणजे सगळं एकच असं नसतं आणि खरी गोम तिथेच आहे. एएमटी असेल तर आत नेहमीचाच मॅन्युअल गिअरबॉक्स असतो, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम मशीन करतं, त्यामुळे गिअर बदलताना क्षणभर ओढ तुटते आणि डोकं पुढे जातं. काहींना दोन दिवसांत सवय होते, काहींना कायम टोचत राहतं. सीव्हीटीमध्ये ठरावीक गिअरच नसतात, पट्टा आणि पुली असतात, ओव्हरटेकला जोरात पाय दिला की आधी इंजिनाचा आवाज चढतो आणि गाडी मग वेग घेते. गावात मात्र एकदम मऊ चालते. डीसीटी, म्हणजे दोन क्लचवाला गिअरबॉक्स, गिअर फटाफट बदलते पण गर्दीत रांगताना काही गाड्या जरा अडखळतात. टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे क्लचऐवजी तेलातून ताकद पोचवणारं जुन्या पद्धतीचं ऑटोमॅटिक, रांगायला सगळ्यात सुखाचं.
आता हे मी कितीही लिहिलं तरी तुमच्या पायाला काय आवडेल ते मला कसं कळणार? रिव्ह्यूवाला 'किंचित लॅग आहे', म्हणजे पाय दिल्यावर गाडी जरा उशिरा ओढते, असं म्हणतो, त्याचं किंचित आणि तुमचं किंचित वेगळं असतं. मॅन्युअल चालवून ऑटोमॅटिकचा अंदाज अजिबात येत नाही. तरीही ती मॅन्युअल चालवाच, कारण सीट, बाहेरचं दिसणं, सस्पेन्शन, स्टिअरिंगचं वजन हे बरंचसं तेच असतं.

सरळमार्गी:
मी थोडं उलटं बोलतो. मी न चालवता घेतली, आधीच्याच मॉडेलची नवी आवृत्ती होती, इंजिन गिअरबॉक्स तेच, आणि काहीही खटकलं नाही. टेस्ट ड्राइव्ह म्हणजे शोरूमच्या आजूबाजूच्या गुळगुळीत रस्त्यावर एक चक्कर, शेजारी सेल्सवाला सतत बोलतोय, गाणी चालू, त्यात काय कळणार? आणि सगळ्यात महत्त्वाचं, म्हणजे धडक बसली तर गाडी किती वाचवेल, ते चालवून कधीच कळत नाही. त्यासाठी क्रॅश टेस्टचे निकाल बघा, ग्लोबल एनकॅप या गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेच्या चाचणीत समोरची धडक ताशी ६४ किमीला घेतात, मोठ्यांचे आणि मुलांचे स्टार वेगवेगळे मिळतात, तुमच्या व्हेरिएंटला किती एअरबॅग तेही तपासा.
टेस्लाने तर २०१९ मध्ये सांगितलं होतं की चालवून बघायची गरजच नाही, ७ दिवसांत किंवा १००० मैलांच्या आत परत द्या. पण पुढच्याच वर्षी ती सोय त्यांनीच बंद केली. म्हणजे 'घेऊन बघू, नाही पटली तर देऊ' यावर विसंबू नका, गाडीची नोंदणी होऊन नंबर पडला की गाडी तुमची.

रोजचीधावपळ:
तुमच्या पत्नीच्या उंचीचा मुद्दा वाचला आणि लिहायलाच बसले, कारण मीही बुटकी आहे आणि हे कुठल्याच व्हिडिओत सांगत नाहीत. क्लच किंवा ब्रेक पूर्ण दाबायला सीट पुढे ओढावी लागते, मग छाती स्टिअरिंगच्या जवळ येते. एअरबॅग फुटायला जागा हवी म्हणून मध्ये निदान २५ सेमी अंतर ठेवा असं सांगतात. स्टिअरिंग नुसतं वर-खाली होतं की पुढे-मागेही, ते बघा. सीटची उंची वाढते का? वाढवल्यावर मांडीखाली आधार उरतो का? पट्टा खांद्यावरून जातो की मानेवर घासतो? आणि समोरच्या काचेच्या बाजूचा तो जाड खांब, वळताना त्याच्यामागे चालणारा माणूस पूर्ण झाकला जातो का, हे त्यांनी स्वतः त्या सीटवर बसून बघायला हवं, तुम्ही बघून उपयोग नाही.
आईंनाही घेऊन जा. त्यांना आपल्या आपण चढू उतरू द्या, कोणी हात देऊ नका. सीट फार खाली असेल तर उठताना सगळा भार गुडघ्यावर येतो, फार वर असेल तर पाय उचलून टाकावा लागतो. दार किती उघडतं त्यावरही खूप अवलंबून असतं. यातलं काहीच करायला गाडी सुरू पण करावी लागत नाही, डिस्प्लेची गाडी पुरते.

निवांतप्रवासी:
हे सगळं डोक्यातच नव्हतं, मनापासून आभार. फोन करून विचारलं, सीव्हीटी आहे. सेल्सवाला आता म्हणतोय बुकिंग तरी करून ठेवा. करू का?

गिअरवाला:
करा, पण कमीत कमी रक्कम भरून, आणि टेस्ट ड्राइव्हनंतर नको असेल तर पूर्ण पैसे परत, हे पावतीवर किंवा ईमेलवर लिहून घ्या. तोंडी नको. वेटिंगमध्ये नंबर लागला की बाकीचे पैसे चालवल्याशिवाय द्यायचे नाहीत. दरम्यान त्याच कंपनीची दुसरी गाडी बघा, तेच इंजिन आणि तीच सीव्हीटी बऱ्याचदा दोन-तीन मॉडेलमध्ये असते, ती मिळाली तर चालवा. ओनर ग्रुपवर विचारलंत तर कोणीतरी बसवून फिरवून आणेल, लोक आनंदाने करतात.
चालवाल तेव्हा रस्ता तुम्ही सांगा. गाणी बंद, एसी चालू, चौघं बसून. चढावर थांबून पुन्हा निघा, मागे येते का बघा. खराब रस्ता, स्पीडब्रेकर, एक यू-टर्न, एकदा रिव्हर्स लावून पार्किंग. आणि टायर विचारा! डेमो गाडी बहुतेक टॉप मॉडेलची असते, तिला मोठी चाकं आणि पातळ टायर. तुम्ही खालचं व्हेरिएंट घेणार असाल तर खड्ड्यात ती वेगळी बसेल, बहुतेक जास्त मऊ.

रोजचीधावपळ:
घरात लहान मूल असेल तर चाइल्ड सीटही सोबत न्या. आयसोफिक्सचे, म्हणजे चाइल्ड सीट अडकवायचे, हुक गादीत इतके आत असतात कधी कधी की सीट लावताना बोटं सोलतात, आणि ती लावल्यावर पुढच्या सीटवाल्याला पाय ठेवायला जागा राहते का तेही तिथेच बघून घ्या.