वाडीचं नाव छापलंत, मग तिचं नाव झाकून काय उपयोग?

खाडीपलीकडची: शनिवारी चिपळूण स्टँडवर गुहागर गाडीची वाट बघत होते. शेजारच्या बाकावर कुणाचा तरी स्थानिक पेपर पडला होता. तिसऱ्या पानावर, आंब्याच्या दराखाली मथळा: 'प्रेमसंबंधातून अल्पवयीन मुलीवर अतिप्रसंग'. मुलगी १४ वर्षांची, तो ३४ चा. याला प्रेमसंबंध म्हणायचं? पॉक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याखाली, १८ च्या आतल्या मुलीची संमती धरतच नाहीत. आणि अतिप्रसंग म्हणजे नक्की काय? लग्नात जेवण कमी पडलं तरी आपण 'प्रसंग ओढवला' म्हणतो. खाली तिचं नाव नाही, पण वाडीचं आहे, शाळेचं आहे, वडील बोटीवर खलाशी आहेत हेही आहे.

निवृत्त उपसंपादक: ताई, राग समजतो. पण रात्री साडेदहाला पोलिसांची प्रेसनोट येते, त्यात 'प्रेमसंबंध' लिहिलेलं असतं, पान सोडायला वीस मिनिटं उरलेली असतात. बलात्कार शब्द मथळ्यात घातला की 'घरात पोरं पेपर वाचतात' म्हणून वाचकांचेच फोन. आणि गुन्हा सिद्ध होईपर्यंत 'त्याने केला' कसं लिहिणार? म्हणून 'झाला'.

खाडीपलीकडची: काका, 'चोरट्यांनी बंद घर फोडले' लिहिताना कुठे निकालाची वाट बघता? तिथे कर्ता लगेच सापडतो. इथे मात्र बलात्कार 'होतो', पाऊस पडावा तसा. 'संशयिताने बलात्कार केल्याची तक्रार' एवढं लिहायला कोण अडवतं?

बागायतदार: मला तर उलट वाटतं, पेपरवाले फारच मऊ लिहितात. नराधम म्हणा, वासनांध म्हणा. मागे बागेत राखणीला असलेल्या एकाला पकडलं तेव्हा 'नेपाळी नराधम जेरबंद' असं ठसठशीत छापलं होतं. तसंच पाहिजे.

खाडीपलीकडची: आणि गाववाला पकडला की? 'तरुणावर गुन्हा'. तुमच्याच उदाहरणात उत्तर आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणीचे आकडे वर्षानुवर्षं सांगतात की बलात्काराच्या ९० टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीतलाच असतो. नराधम शब्द वाचून लोक शिंगंवाला शोधतात. मग रिक्षावाला, काका, भजनातला पेटीवाला निघाला की सगळी वाडी म्हणते, 'तो तसा नाही हो.'

बागायतदार: म्हणजे आता त्याला साहेब म्हणायचं?

खाडीपलीकडची: आरोपी म्हणा. 'नराधम'पेक्षा एक अक्षर कमीच लागतं.

निवृत्त उपसंपादक: 'विनयभंग'ही नको म्हणाल उद्या. तो कायद्याचाच शब्द आहे, आम्ही शोधलेला नाही.

खाडीपलीकडची: मान्य, त्यावर पेपरशी नाही, कायदा लिहिणाऱ्यांशी भांडू. 'अब्रू लुटली' मात्र तुमचंच. अब्रू त्याची जायला हवी.

वीस घरां: मी मालवणातसून. भाषेचा तुमी बघा. आमच्या वाडीत वीस घरां. पेपरात वाडीचा नाव इला म्हणजे चेडवाचा नाव छापलाच मा. तिच्या वयाची दोनच पोरां आसत. दुसऱ्या चेडवाच्या आवशीक पण फोन इले, 'तुझीच काय गो?'

निवृत्त उपसंपादक: हे मात्र आमचं चुकतं. पॉक्सोच्या कलम २३ मध्ये नाव, पत्ता, फोटो यांच्याबरोबर शाळा, कुटुंब आणि शेजारसुद्धा आहे. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानेही बजावलं की आडूनसुद्धा ओळख पटता कामा नये, मुलगी हयात नसली तरी. शहरात 'अंधेरीतली मुलगी' लिहून कुणाला काही कळत नाही. ती सवय आम्ही उचलली आणि वाडीला लावली. तालुका लिहून भागतं. 'झाला'वर मी अजून ठाम आहे, ते वेगळं.

खाडीपलीकडची: 'झाला'वर परत भांडू. आधी सांगा, शनिवारचं ते पान ई-पेपरवरून काढायला कुणाला फोन करायचा?

वीस घरां: पेपरातसून काढश्यात गो बाय. आमच्या वाडीच्या ग्रुपवर त्याचो फोटो फिरता हा, तो खंयसून काढतलास?