मदत हवी आहे: परशुराम डकोटाचा खरा नंबर कुठला?

कागदी_विमान: जरा लवकर सांगा प्लीज. परशुराम डकोटा, म्हणजे आपल्या हवाई दलाचं ते जुनं वाहतुकीचं विमान, शोधलं की व्हीपी ९०५ लिहिलेले फोटो येतात, मग तेच विमान इंग्लंडमध्ये जी-एएमएसव्ही नावाने उभं दिसतं आणि कुठेतरी केएन ३९७ पण वाचलं. एका विमानाला तीन नंबर कसे? मला एकच टाकायचाय, आज ऑर्डर द्यायचीये.

निवांत_नाना: टाकायचाय कुठे? कसली ऑर्डर?

कागदी_विमान: डिकल्सची हो, नंबरच्या स्टिकर्सची, विमानाच्या मॉडेलवर.

रेडियल१४: तिन्ही बरोबर आहेत. नोंदणी बदलली की नंबर बदलतो. अमेरिकेत बनलं तेव्हा ४४-७६४८८, ब्रिटिश हवाई दलात केएन ३९७, मग नागरी नोंदणीत जी-एएमएसव्ही, जी म्हणजे ब्रिटन, आपलं व्हीटी असतं तसं. मध्ये एअर अटलांटिक कंपनीकडे होतं, समुद्रात तेल सांडलं की फवारणीला, त्या अवताराचे फोटो जरूर बघा. कायम राहतो तो फक्त कारखान्याचा कन्स्ट्रक्शन नंबर.

जयहिंद_सातारा: २७ ऑक्टोबर १९४७ ला शीख पलटण श्रीनगरला उतरवली ती ह्याच विमानाने!! व्हीपी ९०५ च टाक, विषय संपला.

रेडियल१४: ते विमान वेगळं. हे राजीव चंद्रशेखर यांनी दुरुस्त करून हवाई दलाला भेट दिलं, त्यांचे वडील डकोटाचे पायलट होते. २०१८ ला कोव्हेंट्रीहून उडत आलं आणि मान म्हणून त्याला त्या सत्तेचाळीसच्या विमानाचा नंबर दिला.

जयहिंद_सातारा: नंबर तोच तर विमान तेच. भावना समजून घ्या.

रेडियल१४: भावनेला कन्स्ट्रक्शन नंबर नसतो ओ.

भुवनेश्वर_रिटर्न: डकोटाचा विषय निघालाच आहे तर व्हीटी-सीएलए विसरू नका. बिजू पटनाईकांच्या कलिंगा एअरलाइन्सचं, २९ जुलै १९४७ ला औषधं घेऊन जाताना इंडोनेशियात योग्यकर्ताजवळ डचांनी पाडलं.

कागदी_विमान: दादा ते मी विचारलंच नाहीये.

गोंद_आणि_ब्लेड: स्केल काय? डिकल्सच्या नादी लागू नका, पिवळे पडतात. स्टेन्सिल कापा आणि स्प्रे मारा, मी सगळी तशीच केलीत.

कागदी_विमान: १/७२. स्टेन्सिल वगैरे जमणार नाही मला, आजोबांच्या फोटोशेजारी ठेवायचंय फक्त, ते सत्तेचाळीसला डकोटावर मेकॅनिक होते.

निवांत_नाना: घ्या! हे आत्ता सांगताय?

रेडियल१४: मग परशुरामावरून रंगवूच नका, ते रंगकाम २०१८ चं आहे. आजोबांच्या फोटोत विमान आहे का मागे?

कागदी_विमान: आहे ना, शेपटीकडचा भाग. शेवटचे आकडे दिसतायत, पुढचं आजोबांच्या टोपीमागे गेलंय.

रेडियल१४: अहो मग फोटो टाका इथे, ऑर्डर थांबवा.

गोंद_आणि_ब्लेड: आकडे दोनच असतील तर स्टेन्सिल दहा मिनिटांत होतं, सांगून ठेवतो.

जयहिंद_सातारा: शेवटी ०५ आहे का???