गावातला मुख्य रस्ता सिमेंटचा होऊन राहिला, नकाशात नेमकं काय बघू?

पऱ्हाटी (यवतमाळ जिल्हा)
राम राम मंडळी. आमचं गाव तालुक्याचं. एसटी स्टँडपासून बाजार समितीच्या फाटकापर्यंतचा दीड किलोमीटर डांबरी रस्ता आता सिमेंटचा होणार आहे. त्याच्याच कडेला माझं कृषी केंद्र आहे, सासऱ्यांच्या वेळचं. कापसाच्या दिवसांत पहाटेपासून बैलबंड्या, ट्रॅक्टर, मेटॅडोर यांची रांग लागते. मंगळवारी बाजार, त्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते.

मागच्या वेळी जुन्या डांबरावरच नवं डांबर टाकलं. त्याच्या आधीही तसंच. सासरे सांगतात, दुकान बांधलं तेव्हा ओट्यावर चढायला तीन पायऱ्या होत्या. आज एकच उरली आहे, अकरा इंचांची. तीन वर्षांपूर्वी आषाढात नाली तुंबली आणि रात्रीतून रस्त्याचं पाणी शटरखालून आत आलं. खालच्या थप्पीतल्या युरियाच्या चौदा बॅगा गेल्या. सकाळी सासरे खुर्चीवर नुसते बसून होते.

आता नकाशा बघायला ठेवला आहे, लेखी हरकती पुढच्या शुक्रवारपर्यंत द्यायच्या आहेत. लोक सगळे रुंदीवर भांडून राहिले: कोणाचा ओटा जातो, कोणाचं टिनाचं शेड जातं. मला भीती उंचीची वाटते. कागदावर 25 सेंटिमीटर काँक्रीट आणि त्याखाली 15 सेंटिमीटर डीएलसी (कमी सिमेंटच्या कोरड्या काँक्रीटचा थर) लिहिलं आहे. हे डांबरावरच चढवणार की खोदून करणार, ते मला कुठेच दिसलं नाही. ज्यांना समजतं त्यांनी सांगा.

जुना ओव्हरसियर (वाशिम)
ताई, नेमक्या जागी बोट ठेवलं तुम्ही. 25 आणि 15 म्हणजे 40 सेंटिमीटर, जवळपास सोळा इंच. डांबरावर चढवलं तर रस्ता तुमच्या ओट्याच्या पाच इंच वर जाईल.

तुम्हाला दाखवला तो टिपिकल क्रॉस-सेक्शन, म्हणजे रस्त्याचा आडवा छेद. तो नमुना असतो, तुमच्या दारासमोरचा नसतो. तुम्ही एल-सेक्शन मागा, म्हणजे रस्त्याचा लांबीतला छेद, आणि दर वीस-तीस मीटरवरचे आडवे छेद. त्यांत आजची पातळी, तयार रस्त्याची पातळी आणि दोन्ही बाजूंच्या जोत्यांची पातळी, तिन्ही पाहिजेत. माहिती अधिकाराच्या 2005 च्या कायद्याने कागदांच्या प्रती मिळतात, शिवाय काम आणि रेकॉर्डही जाऊन तपासता येतं. पण उत्तर द्यायला त्यांना तीस दिवसांची मुदत असते, तुमचा शुक्रवार निघून जाईल. तो अर्ज टाकाच, पण छेदांची मागणी हरकतीतच लिहा.

खोदलं की खाली आपली काळी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. चार दिवस पाण्यात भिजवून सीबीआर, म्हणजे मातीची ताकद मोजायचा आकडा, काढला तर दोन-तीन टक्क्यांच्या आसपास येतो, म्हणजे भार पेलायची ताकद फारच कमी. त्यामुळे चांगल्या मुरमाचा थर दाबून द्यावाच लागतो. अंदाजपत्रकात खोदकाम आणि मुरूम किती धरला आहे ते बघा. दोन्ही नसतील तर डांबरावरच चढवायचा बेत आहे असं समजा.

आणि नालीचं शेवटचं तोंड जाऊन बघा. नाल्याच्या पुराच्या पातळीखाली ते गेलं तर पाणी उलटं गावात येतं. मी एका गावात नवीकोरी नाली पाहिली आहे, शेवटच्या चाळीस मीटरला चढ निघाला. लोकांनी पहिल्याच पावसात घरं रिकामी केली.

मास्तर (दारव्हा)
नळाचं विसरू नका. पाण्याची मोठी लाइन एका बाजूला आणि अर्धी घरं दुसऱ्या बाजूला. काँक्रीटच्या आधी जागोजागी रिकामे पाइप आडवे टाकून ठेवायला सांगा. आमच्या गल्लीत रस्ता होऊन दोन महिने झाले नव्हते आणि एका नळासाठी कटर लावून चर पाडला. तो सांधा आजवर नीट झाला नाही.

शाळेसमोर फुटपाथ किती आहे? इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांत चालायला निदान 1.8 मीटर मोकळी जागा सांगितली आहे. मोकळी म्हणजे मधे खांब नाही, डीपी नाही. आणि भाजीवाल्या बायांना उठवणार असतील तर 2014 चा पथविक्रेता कायदा वाचा. सर्वेक्षण झाल्याशिवाय हटवता येत नाही.

वावर आणि बैल (दिग्रस)
माह्या बैलाचं कोण इचारते? गुळगुळीत सिमेंटवर नाल ठोकलेला बैल घसरते. भरलेली बंडी घेऊन पुलाच्या उतारावर माहा एक बैल गुडघ्यावर आला होता, त्या खेपेपासून तो उतार दिसला की थबकते. ओल्या काँक्रीटवर ब्रशच्या आडव्या रेघा खोल ओढाले लावा, उतारावर तर नक्कीच. अन् काम कापसाच्या सिझनमधी नको बाप्पा.

जुना ओव्हरसियर (वाशिम)
सिझनचा मुद्दा खरा आहे. काँक्रीटला निदान चौदा दिवस पाणी मारायचं आणि साधारणपणे अठ्ठावीस दिवस वाहन सोडायचं नाही. त्यामुळे अर्धा-अर्धा रस्ता करावा लागेल. मेमध्ये केलं तर एवढं पाणी कुठून आणणार, तेही लेखी विचारा.

पऱ्हाटी
सगळ्यांचे खूप आभार. काल गवंड्याची पातळी बघायची पाण्याची नळी मागून आणली आणि दोन पोरांना घेऊन स्टँडपासून शाळेपर्यंत एकसष्ट उंबरठ्यांची उंची मोजली. आजच्या रस्त्यापासून माझा अकरा इंच, औषधी दुकानाचा चौदा, शिंप्याचा फक्त सात. सात! म्हणजे सोळा इंच चढले तर त्याच्या मशीनच्या पायट्यापर्यंत पाणी. त्याला सांगितलं तर तो म्हणाला, मी तर रुंदीचंच बघून राहिलो होतो.

माझ्या ओट्यापासून रस्ता सहा इंच तरी खाली राहावा म्हटलं तर अकरा इंच खोदावं लागतं. शिंप्याच्या दारी पंधरा. मुरमाचा थर वेगळा. हे सगळं एका तक्त्यात लिहिलं, बावन्न जणांच्या सह्या झाल्या. उद्या आम्ही नालीच्या तोंडापर्यंत नळी नेतो. हरकतीच्या अर्जात शिंप्याचा आकडा सगळ्यात वर ठेवते.